एकट्याला न नेणारी गाडी

कानसेनला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण मोटरसायकल अजून वळणापलीकडे असतानाच तो सांगायचा, हिची चेन ढिली आहे, किंवा हिला तेल कमी पडलंय. कुणीतरी गमतीनं त्याला कानसेन म्हणालं आणि ते नाव डिंकासारखं चिकटलं. बायको होती तोवर निदान एक माणूस त्याला खऱ्या नावानं हाक मारायचं. ती गेली आणि ते नाव वापरातूनच गेलं.

थंडीचे दिवस होते. सकाळचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. गॅरेजचं शटर वर करून कानसेन हात चोळत उभा होता, तेवढ्यात घड्याळकाका मोटरसायकल ढकलत येताना दिसले. काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळे साथ देईनात म्हणून त्यांनी ते बंद केलं होतं. एवढ्या थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम होता.

"हिला बघ रे बाबा," गाडी स्टँडला लावत ते म्हणाले. "घड्याळ असतं तर मीच उघडून बसलो असतो. हे माझ्या आवाक्यातलं नाही."

"काय करते?"

"मधेच बंद पडते. कुठे, कधी, काही नेम नाही. आचके नाहीत, खाकरणं नाही. बोलता बोलता माणूस गप्प व्हावं, तशी गप्प होते. मग रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. जरा वेळानं किक मारली की सुरू. जसं काही झालंच नाही!"

कानसेननं गाडीभोवती एक चक्कर मारली. जुनी, काळी, वजनदार गाडी. टाकीवरचा रंग गुडघे घासून घासून गेलेला, पण मडगार्डची कड सुद्धा पुसून लख्ख केलेली. कुणीतरी जीव लावून वापरली होती.

"कधीपासून होतंय हे?"

काका गाडीकडे बघू लागले. रुमालानं मान पुसत राहिले.

"तुझी काकू गेली, त्यानंतर," शेवटी ते म्हणाले. "मधे गाडी बरेच दिवस उभीच होती ना. त्यानं असेल."

"त्यानंच असणार. उभी राहिली की गाडी बिघडतेच, काका."

"माणूससुद्धा," काका म्हणाले आणि धुक्यातून परत चालू लागले.

समोर ठाकलेला बिघाड कितीही मोठा असू दे, त्याला धरता येतं. पण येत-जात राहणारा बिघाड म्हणजे लपंडाव. आपण राज्य घेऊन डोळे झाकायचे, आणि उघडले की अंगण रिकामं. कानसेनला तशी या खेळाची सवय होती. त्यानं प्लग बदलला. कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर उघडून धुतला. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक तारेनं साफ केलं, कारण ते बुजलं की पेट्रोल खाली उतरत नाही आणि गाडी अशीच मुकाट बंद पडते. दर वेळी काम झालं की गाडी बाहेर काढायची, आणि तलावाच्या रस्त्यानं एक फेरी मारायची.

तो रस्ता वस्तीच्या मागून निघून तलावाच्या भिंतीला वळसा घालतो. एका बाजूला दगडी भिंत, दुसऱ्या बाजूला उंच झाडं, आणि मैलोगणती घर नाही. गाडी तपासायला बरा, कारण मधे कुणी येत नाही. आणि दर वेळी गाडी तिथे बंद पडली. कधी भिंतीपाशी, कधी झाडांखाली, कधी पार पलीकडच्या टोकाला. इंजिन गार असताना पडली, तापल्यावर पडली, टाकी भरलेली असताना पडली. आवाज तुटला की एकदम सगळीकडून शांतता अंगावर यायची. तापलेला धातू टिक टिक करत निवायचा, आणि भिंतीपलीकडे पाणी हळूच दगडाला लागायचं. कानसेन हात हँडलवर ठेवून कान देत बसायचा. एवढ्या वर्षांत कुठल्याही गाडीनं त्याला असं कोरडं ठेवलं नव्हतं. काही ना काही ती सांगतेच. ही काहीच सांगत नव्हती.

शेवटी त्यानं काकांना बोलावलं. "तुम्ही मागे बसा. बंद पडायच्या आधी काही वेगळं जाणवतं का, ते मला तिथल्या तिथे सांगा."

काका मागे बसले. त्या दिवशी दोघांनी तलावाला फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. गाडी एकदाही बंद पडली नाही. सतार वाजावी तशी चालली.

"घ्या!" कानसेन हसला. "डॉक्टरच्या पायरीवर ताप उतरला."

काकांना त्यांच्या दारात सोडून तो एकटा निघाला, आणि कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच गाडी गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं गॅरेजशेजारच्या शिंप्याला मागे बसवलं. शिंपी वजनानं भारी आणि तोंडानं त्याहून भारी. सबंध वाटभर तो त्याच्या मेव्हण्याबद्दल बोलत होता, आणि गाडी मुकाट्यानं दोघांना वाहत होती. परतल्यावर शिंपी उतरला. कानसेन एकटाच पुढे गेला. गाडी बंद.

"माणसाच्या वजनानं सीटखालची वायर दाबली जात असेल," कानसेन म्हणाला. "दाबली की जोडते, उठलं की सुटते. एवढंच असणार."

"मग माझं वजन कधी तरी कामी आलं म्हणायचं," शिंपी म्हणाला.

सीट काढली. खाली वायर नव्हतीच. नुसता पत्रा होता. तरी मनाचं समाधान म्हणून त्यानं वाळूचं पोतं भरलं, शिंप्याइतकं जड, आणि दोरीनं मागच्या सीटवर आवळून बांधलं. तलावाच्या भिंतीपाशी गाडी बंद पडली.

कानसेन तिथेच रस्त्याच्या कडेला बसला. वजन चालत नाही. माणूस चालतो. हिला मागे माणूस लागतो. असा विचार आपल्या डोक्यात आला याचंच त्याला हसू आलं, आणि हसण्याचा आवाज भिंतीवर आपटून परत आला तेव्हा तो गप्प झाला. मग त्यानं पोतं सोडून वाळू तिथेच ओतून टाकली.

दोनचार दिवस त्यानं गाडीला हात लावला नाही. मग एका संध्याकाळी, काम आटपल्यावर, कॉइल बदलून बघू म्हणून त्यानं दुसऱ्या एका जुन्या गाडीची कॉइल तिला लावली आणि निघाला. तिन्हीसांजेची वेळ. तलावावरून धुकं उठून रस्त्यावर यायला लागलं होतं. भिंतीपाशी आल्यावर सवयीनं त्यानं मन घट्ट केलं. आता... आता पडेल.

पडली नाही.

झाडं गेली, पलीकडचं टोक गेलं. इंजिन एका सुरात चाललं होतं. "कॉइल!" कानसेन मोठ्यानं म्हणाला. "कॉइल होती बेटी!" छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. त्या आनंदात त्यानं परत न फिरता पुढची फेरी धरली. वळणावर गाडी मजेत कलली, त्याच्याबरोबर, अगदी हवी तेवढी. शिंपी वळणावर उलटाच ताठ होऊन बसत असे. गाडी रस्त्याबाहेर जायची तेवढी राहिली होती. मागे बसायचं म्हणजे अंगात असावं लागतं.

हा विचार आपण का केला, असं त्याला वाटलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला रस्ता दिसत नाहीये.

दिवा चालू होता. पण उजेड रस्त्यावर नव्हता. वर झाडांच्या फांद्यांवर होता. धुक्यातून एकेक फांदी उजळत होती आणि मागे जात होती, आणि चाकासमोर काळोख. दिव्याचा स्क्रू ढिला झाला असेल. त्यानं गाडी थांबवून स्टँडला लावली, इंजिन तसंच चालू ठेवून खाली उतरला, दिवा हातानं हलवून पाहिला. घट्ट होता.

दिवा वर जातो तो मागची बाजू खाली बसली की. डबलसीट असताना.

कानसेन हळूहळू मागे गेला. मागचे दोन्ही शॉकअप दबलेले होते. तो स्वतः खाली उभा होता, गाडीवर कुणी नव्हतं, आणि स्प्रिंगा खालपर्यंत दबलेल्या होत्या. इंजिनाच्या धडधडीबरोबर सीटच्या मागच्या भागाचं रेक्झिन जरासं खोल गेलेलं दिसत होतं. बरेच दिवस न उघडलेल्या खोलीत शिरल्यावर येतो तसला वास आला. त्यानं हात पुढे केला... आणि सीटला न लावताच मागे घेतला.

पळून तरी कुठे जाणार? आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. वस्तीचे दिवे तलावापलीकडे. बराच वेळ तो उभा राहिला. मग, दुसरं काही सुचेना म्हणून, पाय टाकून पुढे बसला. आरशात बघायचं त्यानं टाळलं. एकदा चुकून नजर गेली, तर आरशात नुसतं धुकं होतं. गाडीनं त्याला एकदाही न थांबता गॅरेजपर्यंत आणलं. त्यानं चावी फिरवली, उतरला आणि शटर ओढू लागला, तेव्हा मागे अंधारात शॉकअप कुरकुरत वर आले. कुणीतरी सावकाश उतरावं तसे.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. पण खरं सांगायचं, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळ होऊ लागली तशी त्याला भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी वाटू लागलं. घरी जायचं म्हणजे काय, तर कुलूप काढायचं, दिवा लावायचा, सकाळचंच गरम करायचं, आणि भिंतीकडे बघत जेवायचं. त्याच्या घरात दिवसचे दिवस माणसाचा आवाज होत नसे. एकदा तर त्याला स्वतःलाच शिंक आली आणि तो दचकला होता.

त्यानं गाडी बाहेर काढली. भिंतीपाशी पोचायच्या आतच दिवा वर उचलला गेला. कुणीतरी बसलं.

मग रोजच. पहिल्या दिवशी तो अवाक्षर बोलला नाही. दुसऱ्या दिवशी थंडीबद्दल काहीतरी बोलला. मग बायकोच्या आजारपणाबद्दल. दवाखान्यात शेवटी ती त्याला ओळखत नव्हती, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं "तुम्ही बसा ना, उभे का?" म्हणत होती, हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. ते त्यानं तलावाच्या रस्त्यावर, पुढे बघत, पाठीमागच्या वजनाला सांगितलं. उत्तर येत नव्हतं. पण बोलणाऱ्याला समजतं, समोरचा ऐकतोय की नाही ते. कुणीतरी ऐकत होतं. फार लक्ष देऊन ऐकत होतं.

मधे काका विचारून गेले, "सापडलं का रे काही?" कानसेन म्हणाला, "अजून नाही." म्हणाला खरा, पण काका गेल्यावर त्याचं मन त्याला खाऊ लागलं. हे वजन कुणाचं हे उघड होतं. काकू गेल्या आणि गाडी एकट्याला नेईना झाली. जन्मभर नवऱ्याच्या मागे बसलेली बाई; तिला आपण रोज संध्याकाळी फिरवून आणतोय, आपली दुखणी तिला ऐकवतोय, आणि तो म्हातारा तिकडे एकटा घड्याळांच्या टिकटिकीत बसलाय. ही काय रीत झाली? चोरीच की ही.

तो गाडी घेऊन काकांच्या घरी गेला आणि पायरीवर बसून त्यानं सगळं सांगितलं. काका हसतील असं त्याला वाटलं होतं. काका हसले नाहीत. ते त्याच्याशेजारी पायरीवर टेकले.

"मला वाटायचंच," ते हळूच म्हणाले. "बंद पडली की मी म्हणायचो, रुसलीय. मला एकट्याला जाऊ देत नाहीये." थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "बसते... म्हणजे, कळतं का आपल्याला, बसलेली?"

"कळतं, काका."

काका आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांनी दाढी केली होती आणि इस्त्रीचा शर्ट घातला होता. किक मारताना त्यांनी कानसेनकडे बघितलं नाही. नवरदेवासारखे लाजले होते.

दिवस मावळत होता. कानसेन पायरीवर बसून आवाज ऐकत राहिला. कोपऱ्यापर्यंत इंजिन हलकं होतं, एका माणसाचं. मग क्षणभर ते दबलं, घुमलं, आणि भरल्या आवाजानं पुढे गेलं. बसलं कुणीतरी मागे. कानसेनला बरं वाटलं. आतून काहीतरी तुटल्यासारखंही वाटलं. आता उद्या संध्याकाळी काय करायचं?

काका इतक्या लवकर परत येतील असं त्याला वाटलं नव्हतं. आवाज ऐकूनच तो उठून उभा राहिला. गाडी पिळल्यासारखी ओरडत येत होती. काकांनी जन्मात अशी चालवली नव्हती. दारात येऊन त्यांनी स्टँड लावला, इंजिन बंद करायचंही भान न ठेवता उतरले आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले. गाडीपासून जेवढं लांब उभं राहता येईल तेवढं लांब.

"ही ती नाही," ते म्हणाले.

"काका..."

"ती नाही. मला सांगू नकोस. ती एका बाजूला बसायची. आयुष्यभर. गाडी डावीकडे ओढायची माझी, हाताला सवय झाली होती. हे... हे दोन्हीकडे पाय टाकून बसलंय. सरळ."

 गाडी त्या दोघांसमोर धडधडत होती. मागची बाजू दबलेली होती.

"मी तिला हाक मारली," काका म्हणाले. "घरातल्या नावानं. जे मी फक्त... तेव्हा मागचं माणूस हसलं."

"आवाज आला?"

"आवाज नाही. आपल्या मागे कुणी टेकून बसलं असेल आणि ते हसलं, तर आपल्या पाठीला कळतं ना... तसं. किती वेळ हसत होतं, कानसेन. थांबतच नव्हतं." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तू काय काय बोललास रे त्याच्याशी?"

कानसेन मनाशी आठवू लागला. बायकोचं आजारपण. रिकामं घर. सकाळचंच गरम करून जेवणं. भिंत. सगळंच सांगून झालं होतं.

"घेऊन जा ही," काका म्हणाले. "तुझ्या पाया पडतो. इथे नको." ते आत गेले. त्यांच्या घरातले दिवे एकामागून एक लागत गेले, स्वयंपाकघरातला, मागच्या खोलीतला, मोरीतला सुद्धा.

गाडी तिथे टाकून जाणं कानसेनला जमलं असतं, तर पुढचं टळलं असतं कदाचित. पण म्हाताऱ्या माणसाच्या दारात ते ठेवून कसं जायचं? गॅरेजवर नेऊ, शटर ओढू, उद्या उजेडी बघू काय ते, असं ठरवून तो बसला. अंग चोरून, पाठ पुढे वाकवून बसला. दिवा झाडांच्या शेंड्यांवर होता.  पाठीवर काही लागलं नाही. फक्त गाडी भरलेली होती, आणि वळणावळणाला मागचं माणूस त्याच्याबरोबर कलत होतं, जणू रस्ता त्याला पाठ होता.

गॅरेजच्या वळणावर त्यानं हँडल वळवलं. गाडी वळली नाही. मागचं वजन दुसऱ्या बाजूला कललं होतं, ठामपणे, आणि गाडी सरळ पुढे चढाला लागली. कानसेननं ब्रेक दाबायला हवा होता. नंतर तो स्वतःला हे कित्येकदा विचारणार होता, की आपण ब्रेक का दाबला नाही. चढ संपला, वस्तीचं शेवटचं घर आलं. त्याचं घर. त्याच्या दारासमोर इंजिन गप्प झालं. बोलता बोलता माणूस गप्प व्हावं तसं.

मागचे शॉकअप कुरकुरत वर आले.

कानसेन दोन्ही पाय जमिनीवर टेकून तसाच बसून राहिला. इंजिन टिक टिक करत निवत होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. थोड्या वेळानं त्यानं मान वळवून पाहिलं. सीट रिकामी होती, अंगण रिकामं होतं. गाडी हलकी लागत होती, अगदी सायकलीसारखी. उतरलं, गेलं, असं तो मनात म्हणाला. गेलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीनं की आणखी कशानं, ते त्याचं त्याला माहीत.

त्यानं खिशातून किल्ली काढली. दाराचं कुलूप जसंच्या तसं होतं. सकाळी त्यानंच लावलेलं. त्यानं ते काढलं, कोयंडा बाजूला केला आणि दार ढकललं.

दार उघडलं नाही. त्यानं खांदा लावून ढकललं. फळी जराशी हलली आणि अडली.

आतून कडी लावलेली होती.

दोन खोल्यांचं घर, एवढं एकच दार, खिडक्यांना गज. कानसेन दारासमोर थंडीत उभा राहिला. जावं तर कुठे, हेही त्याला कळेना. मग परक्याच्या घरी आल्यासारखं त्यानं स्वतःच्याच दारावर हळूच टकटक केली.

आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, आणि कुणीतरी त्याला खऱ्या नावानं हाक मारून म्हणालं, "आले हं..."